मोबाइल लिनक्स : जुन्या स्मार्टफोनवरील स्थापना

स्मार्टफोनमधली मूळची प्रणाली (बहुधा अँड्रॉइड) पुसून तिच्या जागी संगणकावर चालते तशी पूर्ण लिनक्स प्रणाली बसवण्याची प्रक्रिया. उबुंटू टच, पोस्टमार्केटओएस, मोबियन आणि सेलफिश ओएस ही या क्षेत्रातली ठळक नावे. अँड्रॉइडच्या तळाशीही लिनक्सचाच कर्नल (यंत्र आणि सॉफ्टवेअर यांना जोडणारा प्रणालीचा गाभा) असतो, त्यामुळे ‘फोनवर लिनक्स’ म्हटले की नवखा माणूस गोंधळतो. फरक कर्नलच्या वरच्या थरांत आहे. अँड्रॉइडची सी लायब्ररी (प्रोग्रामांना लागणाऱ्या मूलभूत कामांचा संच), पडद्यावर चित्र उमटवणारी यंत्रणा आणि अ‍ॅपची चौकट हे सगळे त्याच्यापुरते वेगळे घडवलेले आहे. मोबाइल लिनक्समध्ये डेस्कटॉपवरचेच घटक येतात : पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवणारे साधन), टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी), एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून जोडून आज्ञा देण्याची सोय), आणि बहुतेक ठिकाणी वेलँड (पडद्यावर चित्र उमटवणारी यंत्रणा). त्यावर बोटांनी वापरता येईल असे फॉश किंवा प्लाझ्मा मोबाइलसारखे आवरण असते.

फोन जुना का ठरतो, हे समजल्याशिवाय या खटाटोपाचा अर्थ लागत नाही. चिप बनवणारी कंपनी कर्नलची एक विशिष्ट आवृत्ती घेऊन तिच्यात स्वतःचे ड्रायव्हर (यंत्राचे भाग चालवणारे प्रोग्राम) घुसवते, फोन बनवणारी कंपनी त्यावर आणखी ठिगळे लावते, आणि यातला बराचसा बदल मूळ लिनक्स प्रकल्पात कधी परत जातच नाही. चिपचा पाठिंबा थांबला की फोन त्या आवृत्तीवर अडकून पडतो. २०१३ सालचा नेक्सस ५ घ्या. क्वालकॉमची स्नॅपड्रॅगन ८०० ही चिप, २ जीबी रॅम, कर्नल ३.४. त्याला अधिकृतपणे मिळालेले शेवटचे अँड्रॉइड म्हणजे ६.०.१. पडदा, प्रोसेसर, वायफाय सगळे धडधाकट असताना अवघ्या तीन वर्षांत हा फोन सुरक्षेच्या दृष्टीने बेवारस झाला. यंत्र शाबूत असून केवळ सॉफ्टवेअरअभावी ते कचऱ्यात जाणे हा सरळसरळ अपव्यय आहे, आणि मोबाइल लिनक्सची चळवळ मुख्यतः त्याविरुद्धच उभी आहे.

खिशातल्या लिनक्सची कल्पना त्याहून जुनी. नोकियाच्या एन९०० मध्ये (२००९) माएमो ही प्रणाली होती, एन९ मध्ये (२०११) मीगो. नोकियातून बाहेर पडलेल्या मंडळींनी फिनलंडमध्ये योला ही कंपनी काढली व सेलफिश ओएस घडवली. उबुंटू लिनक्स बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीने २०१३ च्या आरंभी उबुंटू टच जाहीर केले आणि २०१७ मध्ये ते सोडून दिले. तेव्हापासून ते यूबीपोर्ट्स हा स्वयंसेवकांचा समुदाय सांभाळतो. त्याच २०१७ साली ऑलिव्हर स्मिथ यांनी पोस्टमार्केटओएस सुरू केले. अल्पाइन लिनक्स या अतिशय आटोपशीर वितरणावर (कर्नल व सॉफ्टवेअर एकत्र केलेल्या तयार प्रणालीवर) उभ्या असलेल्या या प्रकल्पाने फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे, हे ध्येय पहिल्यापासून उघडपणे मांडले.

जुन्या फोनवर लिनक्स नेण्याच्या वाटा दोन. पहिल्या वाटेत निर्मात्याचा जुना कर्नल आणि अँड्रॉइडचे बंदिस्त ड्रायव्हर तसेच ठेवले जातात. हे ड्रायव्हर अँड्रॉइडच्या बायोनिक या सी लायब्ररीसाठी बनवलेले असल्यामुळे सर्वसाधारण लिनक्सशी त्यांचे जमत नाही. लिबहायब्रिस हा दुवा ती अडचण सोडवतो. अँड्रॉइडचा खालचा थर एका कंटेनरमध्ये (वेगळ्या बंदिस्त कप्प्यात) चालवून त्यावर लिनक्स उभे करायची सामाईक पद्धत म्हणजे हॅलियम. उबुंटू टचचे बहुतेक पोर्ट (एकेका फोनसाठी केलेली रूपे) याच वाटेने झाले आहेत. कॅमेरा, आवाज, कॉल या गोष्टी इथे लवकर मार्गी लागतात, पण कर्नल जुनाच राहतो आणि त्यातली भगदाडेही राहतात.

दुसरी वाट मेनलाइन कर्नलची, म्हणजे मूळ प्रकल्पातला ताजा कर्नलच त्या फोनवर चालवायचा. त्यासाठी फोनमधला एकेक भाग कर्नलला ओळखीचा करून द्यावा लागतो : पडद्याचे पॅनेल, स्पर्शाची चिप, चार्जिंग, मोडेम. प्रत्येक भागाचे वर्णन डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलींत लिहायचे, पाठवायचे, तपासून घ्यायचे. हे काम वर्षानुवर्षे चालते आणि ते बहुतांशी मोकळ्या वेळात काम करणाऱ्यांच्या जिवावर उभे आहे. पण एकदा साधले की तो फोन एखाद्या लॅपटॉपसारखा पुढच्या प्रत्येक कर्नलसोबत चालू राहू शकतो. स्नॅपड्रॅगन ८४५ हे याचे सर्वांत चांगले उदाहरण. क्वालकॉमच्या ग्राफिक्ससाठी फ्रीड्रीनो हा मुक्त ड्रायव्हर उपलब्ध असल्याने २०१८ चे वनप्लस ६ आणि ६टी हे फोन आज या छंदातले हुकमी फोन मानले जातात. खरा उपाय ही दुसरी वाटच आहे. पहिली तात्पुरती सोय होय.

प्रत्यक्ष स्थापनेत आज्ञा देण्यापेक्षा तयारीला जास्त वेळ जातो. सर्वांत आधी फोनचे सांकेतिक नाव शोधावे : नेक्सस ५ चे हॅमरहेड, वनप्लस ६ चे एन्चिलाडा. एकाच नावाने विकलेल्या फोनच्या दोन उपप्रकारांत निराळ्या चिपा असू शकतात, आणि एकाची प्रतिमा (फोनवर चढवायची प्रणालीची तयार फाइल) दुसऱ्यावर चढवणे हा फोनची वीट करण्याचा, म्हणजे तो पार निकामी करण्याचा, राजमार्ग आहे. मग त्या सांकेतिक नावाचे प्रकल्पातले पान वाचावे. काय चालते आणि काय नाही याची यादी तिथे असते. ही पायरी गाळणाऱ्यांनाच पुढे सर्वाधिक मनस्ताप होतो.

त्यानंतर बूटलोडरचे, म्हणजे फोन चालू होताना प्रणाली सुरू करणाऱ्या प्रोग्रामचे, कुलूप. सेटिंग्जमध्ये बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे ‘ओईएम अनलॉकिंग’ चालू करायचे, फोन फास्टबूट मोडमध्ये (संगणकाच्या आज्ञा घेणाऱ्या अवस्थेत) न्यायचा आणि संगणकावरून ‘फास्टबूट फ्लॅशिंग अनलॉक’ ही आज्ञा द्यायची. जुन्या फोनांत तिचे रूप ‘फास्टबूट ओईएम अनलॉक’ असे असते. सॅमसंगच्या फोनांत फास्टबूटऐवजी डाउनलोड मोड असतो आणि त्यासाठी हाइमडॉल हे साधन वापरतात. कुलूप उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. काही निर्माते त्यासाठी संकेतांक मागायला लावतात, काही परवानगीच देत नाहीत. तसे असेल तर तो फोन तिथेच बाद. आणखी एक खबरदारी फार मोलाची आहे : आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) व रेडिओची जुळणी साठवणीच्या ज्या पार्टिशनमध्ये (भागात) असते, तिची प्रत शक्य असेल तर आधी काढून ठेवावी. ती गेली तर फोनला नेटवर्क पुन्हा मिळेलच याची शाश्वती नसते.

पुढचे काम तुलनेने सोपे. उबुंटू टचसाठी यूबीपोर्ट्सचा चित्रमय इन्स्टॉलर आहे. पोस्टमार्केटओएसमध्ये तयार प्रतिमा मिळते, किंवा ‘पीएमबूटस्ट्रॅप’ या साधनाने प्रश्नांना उत्तरे देत स्वतःची प्रतिमा बनवता येते : कोणता फोन, कोणते आवरण, वापरकर्त्याचे नाव काय. रॅम कमी असेल तर तिथे एसएक्सएमओसारखे हलके आवरण निवडावे. पहिल्यांदा फोन सुरू होतो तेव्हा कधी कधी पडदा काळाच राहतो, आणि पोटात गोळा येतो. अशा वेळी केबल न काढता संगणकावरून १७२.१६.४२.१ या पत्त्यावर एसएसएचने जोडून पाहावे; पोस्टमार्केटओएसमध्ये यूएसबीवरून फोनचा तोच पत्ता असतो. पासवर्ड विचारला गेला, तर समजावे की प्रणाली व्यवस्थित उठली आहे आणि अडचण फक्त पडद्यापुरती आहे. त्या एका ओळीने किती धीर येतो, हे ज्याने ती पाहिली त्यालाच कळेल.

रोजच्या वापरासाठी मर्यादा ठळक आहेत. अनेक देशांत ३जी जाळी बंद होत असल्याने कॉल व्होल्टीवर (४जी जाळ्यावरून बोलण्याच्या पद्धतीवर) अवलंबून आहेत, आणि नेमका तोच भाग कित्येक पोर्टांत अपुरा असतो. आणीबाणीचा कॉल लागणे ज्याला अत्यावश्यक आहे, त्याने अशा एकाच फोनवर विसंबू नये. मेनलाइन फोनांत कॅमेऱ्याचा दर्जा मूळच्यापेक्षा खाली येतो; फोन नीट झोपी जात नसेल तर बॅटरी लवकर उतरते. अँड्रॉइडची अ‍ॅप वेड्रॉइड या कंटेनरमध्ये बऱ्यापैकी चालतात, पण उपकरणाची सत्यता तपासणारी बँकांची अ‍ॅप तिथे बहुधा नकार देतात.

म्हणूनच असे पुष्कळ फोन पुन्हा खिशात न जाता कपाटावर छोटा सर्व्हर म्हणून राहतात : फाइलींची देवाणघेवाण, घरातल्या संवेदकांची नोंद, एखादे लहान संकेतस्थळ. एस्टोनियातील तार्तू विद्यापीठाच्या संशोधकांनी तर जुने फोन एकत्र जोडून चिमुकले डेटा सेंटर बनवले आणि त्यातला एक प्रयोग पाण्याखालचे जीव मोजण्यासाठी केला. त्यांनी फोनमधल्या बॅटऱ्या काढून बाहेरून वीज दिली होती. घरी सर्व्हर चालवणाऱ्यानेही हे लक्षात ठेवावे : बॅटरी कायम पूर्ण भरलेली व गरम राहिली की फुगू शकते. मागचे झाकण उचललेले किंवा पडदा कडेने सुटलेला दिसला, तर फोन तत्काळ चार्जरवरून काढून बंद करावा आणि ती बॅटरी पुन्हा वापरू नये.