पियानो साथीदाराशी संवाद (म्युझिकल ऑडिशन)

न्यूयॉर्कची ब्रॉडवे, लंडनचे वेस्ट एंड आणि त्या वळणाने चालणारी म्युझिकल रंगभूमी यांत गायक-नटांची निवड करताना पियानोची प्रत्यक्ष साथ दिली जाते. साथीला बसणारा वादक निर्मात्यांनी नेमलेला असतो. उमेदवाराची आणि त्याची बहुधा आधी ओळख नसते, आणि एकत्र तालमीचा प्रश्नच येत नाही. गाणे सुरू होण्यापूर्वी त्याला लय, सुरुवात, शेवट आणि मधल्या खाचाखोचा कळवण्याची एक रीत या व्यवसायात रूढ आहे. तिला वेळ मिळतो तो जेमतेम पंधरा-वीस सेकंद.

न्यूयॉर्कमध्ये अशा ऑडिशन आठव्या अव्हेन्यूवरील रिप्ली-ग्रिअर किंवा पर्ल यांसारख्या भाड्याच्या स्टुडिओंत होतात. नटांची संघटना ॲक्टर्स इक्विटी असोसिएशन (स्थापना १९१३) हिच्या नियमांनुसार होणाऱ्या खुल्या फेऱ्यांना मोठी गर्दी असते. त्यामुळे पूर्ण गाणे क्वचितच ऐकले जाते. १६ किंवा ३२ बारांचा (बार म्हणजे तालाचे एक आवर्तन) तुकडा मागतात. जुन्या ब्रॉडवे गीताचा मुख्य भाग प्रत्येकी ८ बारांच्या चार ओळींचा, म्हणजे ३२ बारांचा असे. १६ म्हणजे त्याचा अर्धा. आजची गाणी त्या साच्यात बसत नाहीत, तरी आकडा टिकून आहे. बार मोजत कोणी बसत नाही. अर्ध्या-पाऊण मिनिटात आटोपले म्हणजे झाले.

या संवादाचा मोठा भाग घरी, पेन्सिलीने होतो. उमेदवार आपली गाणी तीन कड्यांच्या फायलीत लावून आणतो. तिला नुसते ‘बुक’ म्हणतात. पाने पाठपोट असावीत, म्हणजे उलटणे कमी होते. प्लास्टिकची चकचकीत पाकिटे टाळावीत, कारण दिव्याखाली त्यांवर चमक येऊन सूर दिसत नाहीत. फोटोकॉपीत पानाचा तळ कापला गेला तर डाव्या हाताचा खर्जच नाहीसा होतो. हा दोष फार आढळतो. त्याहून फसवी गोष्ट तालाच्या खुणेची. सप्तकातील कोमल-तीव्रांची खूण प्रत्येक ओळीच्या आरंभी छापलेली असते, पण तालाची खूण गाण्याच्या सुरुवातीला आणि ताल बदलतो तिथेच. तुकडा चौथ्या पानावरून उचलला, तर वादकापुढे ताल न सांगणारा कागद येतो. ती खूण हाताने लिहावी लागते. गाळलेला भाग नुसता खोडण्यापेक्षा कापून-चिकटवून सलग पान करणे केव्हाही चांगले.

पियानोपाशी गेल्यावर फाईल वादकापुढे ठेवून आधी अभिवादन करायचे, मग गाण्याचे नाव, सुरुवात कुठून, उडी कुठे, शेवट कुठे, हे बोटाने दाखवायचे. सुरुवातीला चार बार हवेत की घंटेसारखा एकच सूर पुरे, तेही तेव्हाच सांगायचे. लय सांगण्याची मान्य पद्धत एकच: गाण्यातली शब्दांनी भरलेली एखादी ओळ हळू आवाजात, खऱ्या गतीने गुणगुणायची. संथ प्रास्ताविक गुणगुणून लय दिली की पुढे शब्द तोंडात अडकतात. वादकासमोर चुटक्या वाजवणे उर्मटपणाचे समजतात, आणि ते रास्तच आहे. जिथे तालाचे बंधन सोडून गायचे आहे तिथे ‘माझ्यामागून या’ एवढे म्हटले तरी भागते.

ऐन वेळी पट्टी बदलून मागणे मात्र शिष्टसंमत नाही. मराठी संगीत नाटकाच्या वाचकाला याचे नवल वाटेल. तिथे गायकाने काळी दोन म्हटले की ऑर्गनवाला निमूट तिथून धरतो. पण तो चाल कानाने वाजवत असतो. इथे वादक दोन्ही हातांचे छापील सूर पहिल्यांदाच वाचत असतो आणि गाणे त्यातच बांधलेले असते. म्हणून हव्या पट्टीतली प्रत आधीच करून आणायची असते. स्टीफन सोंडहाइम किंवा जेसन रॉबर्ट ब्राउन या म्युझिकलच्या संगीतकारांची रचना निवडताना याच कारणाने सावध राहण्याचा सल्ला देतात: ती पाहताक्षणी वाजवणे कसलेल्या वादकालाही जड जाते.

तयार असल्याची खूण म्हणजे मान हलवणे किंवा स्पष्ट दिसेल असा श्वास. लय चुकली तर वादकाकडे डोळे वटारून पाहू नये, हाताने ठेकाही देऊ नये. शब्द ठसठशीत उच्चारत आपल्या गतीने गात राहिले की चांगला वादक दोन बारांत येऊन मिळतो. अगदीच विसकटले तर थांबून, कोणालाही दोष न देता, पुन्हा सुरू करण्याची परवानगी मागता येते. फाईल उचलताना आभार मानायचे. पियानोवर कधी कधी खुद्द संगीत दिग्दर्शकच बसलेला असतो, आणि वादक दुसरा असला तरी उमेदवार बाहेर पडल्यावर त्याचे मत विचारले जाऊ शकते.

२०२० च्या कोविड महामारीनंतर अनेक ठिकाणी पहिली फेरी ध्वनिमुद्रित साथीवर गायलेल्या व्हिडिओची झाली. तिथे हा संवादच उरत नाही. पुढच्या फेरीत पियानो परत येतो, पण उलट्या बाजूने. त्या वेळी गाणे प्रयोगातलेच असते, प्रत निर्मात्यांनी दिलेली असते, आणि लय कोणती ते पियानोकडून सांगितले जाते.