तंत्रस्नेही शिक्षक

मोफत मिळणारी अ‍ॅप, संकेतस्थळे आणि व्हॉट्सअ‍ॅपसारखी समाजमाध्यमे रोजच्या अध्यापनात वापरणाऱ्या शिक्षकासाठी महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणात रूढ झालेली संज्ञा. ती मुख्यतः जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शिक्षकांना लावली जाते. वातानुकूलित संगणक कक्ष असलेल्या शहरी खासगी शाळांत हा शब्द फारसा ऐकू येत नाही. दोन शिक्षक, चार इयत्ता आणि एकाच्या खिशातला स्मार्टफोन, एवढ्या भांडवलावर तो वाढला.

२२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि प्रत्येक मूल शिकले पाहिजे, ही जबाबदारी शाळेवर आली. त्याच सुमारास विद्यार्थ्यांची सगळी माहिती ‘सरल’ या ऑनलाइन प्रणालीत भरण्याचे कामही आले. गंमत अशी, की पुष्कळ गुरुजी इंटरनेटकडे वळले ते शिकवण्यासाठी नव्हे, तर सरल भरण्यासाठी. दिवसा संकेतस्थळ उघडत नसे, म्हणून रात्री जागून माहिती भरायची. लॉगिन, पासवर्ड, एक्सेलचे रकाने हाताखालून गेले आणि तेच कौशल्य मग वर्गात उतरले. पुढच्या वर्षी ५ सप्टेंबरला, म्हणजे नेमक्या शिक्षकदिनी, जिओची सेवा सुरू झाली. डेटा स्वस्त झाल्यावर गावातल्या शाळेत व्हिडिओ दाखवणे परवडू लागले.

या वाटचालीत दोन छोट्या गावांची नावे वारंवार येतात. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा येथे संदीप गुंड यांनी उभी केलेली डिजिटल शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडी शाळेत रणजितसिंह डिसले २००९ मध्ये रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड जोडला. कोड स्कॅन केला, की कविता ऐकू येई किंवा धड्याचा व्हिडिओ उघडे. २०१७ मध्ये राज्याने बालभारतीच्या पुस्तकांसाठी क्यूआर कोड स्वीकारले आणि त्याच वर्षीच्या शिक्षकदिनी केंद्र सरकारचे ‘दीक्षा’ हे डिजिटल पाठांचे व्यासपीठ सुरू झाले. डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. दहा लाख डॉलरच्या रकमेतला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिला; बातम्यांत कोडपेक्षा या वाटणीचीच चर्चा अधिक झाली.

क्यूआर कोडचे खरे मोल बहुवर्ग अध्यापनात कळते. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात. गुरुजी तिसरीला हातच्याची वजाबाकी समजावत असताना चौथीच्या मुलांनी काय करायचे, हा द्विशिक्षकी शाळेचा जुना प्रश्न. कोपऱ्यात फोन ठेवून चौथीचा गट कविता ऐकतो, एक मूल मध्येच थांबवून मागे नेते, बाकीची चालीवर म्हणतात. फोनने इथे शिक्षकाची जागा घेतलेली नसते, त्याला वीस मिनिटे मोकळी करून दिलेली असतात. कॅमेरा बिघडलेला असेल तर कोडखाली छापलेली सहा अक्षरे टंकली तरी दीक्षावर तोच पाठ उघडतो, आणि रेंज नसलेल्या वाडीवर आदल्या दिवशी उतरवून ठेवलेला पाठ चालतो.

साहित्य मोफत असले तरी पडद्याला पैसे लागत. ते ‘शैक्षणिक उठावा’तून, म्हणजे गावाच्या वर्गणीतून येत. जिथे प्रोजेक्टरही जमला नाही तिथे फोनसमोर मोठे चौकोनी भिंग उभे करून चित्र वाढवले गेले. भिंगासमोर मधल्या मुलांना नीट दिसे, कडेच्यांना चित्र वाकडे दिसे. वीजबिल थकल्याने जोडणी तुटलेल्या शाळाही ‘डिजिटल’ म्हणून मोजल्या गेल्या, हे त्या काळाचे न झाकता येणारे अंग.

शिक्षकांनी एकमेकांना शिकवण्याचे काम मात्र व्हॉट्सअ‍ॅपवर झाले. २०१६ पासून एका समूहात २५६ जणांची मर्यादा होती. त्यामुळे जिल्ह्याच्या समूहाला क्रमांक एक, क्रमांक दोन अशा शाखा फुटत. मोठे समूह आणि जड फाइल यांसाठी काहीजण टेलिग्रामवर गेले. चाचणीसाठी टेस्टमोज आणि गुगल फॉर्म लोकप्रिय ठरले, कारण मूल ‘सबमिट’ दाबताच गुण समोर येतात आणि तीस वह्या तपासण्याचे काम वाचते. कित्येकांनी ब्लॉगरवर स्वतःचे ब्लॉग उघडून स्वाध्याय आणि चाचण्या तिथे ठेवल्या.

यात सगळ्यात कमी नोंदला गेलेला बदल लिपीचा आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेली प्रश्नपत्रिका फोनवर उघडली, की नुसती चिन्हांची रांगोळी दिसे. गुगलचा मराठी कळफलक आणि बोलून टंकण्याची सोय आल्यावर शिक्षक युनिकोडवर, म्हणजे कुठल्याही फोनवर सारख्याच उमटणाऱ्या अक्षरांवर आले. छापखान्याकडे न जाता मराठीत कार्यपत्रिका तयार करणे त्यांना पहिल्यांदाच सहज जमले.

वर्गातल्या वापराचे साधे उदाहरण भूगोलाचे देता येईल. गुगल अर्थ या उपग्रहचित्रांच्या अ‍ॅपवर आधी शाळेचे पत्र्याचे छप्पर शोधायचे, मग हळूहळू वर जायचे: ओढा, शिवार, तालुक्याचा रस्ता, धरण, जिल्हा. नकाशा म्हणजे वरून पाहिलेली जमीन, ही गोष्ट फळ्यावरच्या आकृतीने जितकी कळत नाही तितकी या पाच मिनिटांत कळते. अट एकच, मुलांनी आधी शाळेच्या आवाराचा नकाशा स्वतः काढलेला हवा. नाहीतर तो नुसता सिनेमा होतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा शिक्षकांनी हौसेने धरलेली ही वाट सरकारी राजमार्ग झाली. पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला रोज व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवली. पुढे ‘स्वाध्याय’ योजनेत दर आठवड्याला बहुपर्यायी प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवरच येऊ लागले. पण फोन घरात असणे आणि मुलाच्या हातात असणे यांत फरक होता. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार ग्रामीण भारतात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी स्मार्टफोन असलेल्या घरातल्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, २०२० मध्ये ते ६१.८ टक्के झाले. तो फोन दिवसा बापाबरोबर शेतात किंवा कामावर जाई आणि भावंडे तीन असत. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर लागलेली ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीच्या पाठांची मालिका अशा घरांना अधिक उपयोगी होती, कारण दूरचित्रवाणी संच शेतात जात नाही.

‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे शब्द शिक्षकांच्या बोलण्यात एकाच अर्थाने येतात, पण त्यांत मोठे अंतर आहे. मोफत साधन कंपनीच्या मर्जीवर चालते. जगभरच्या वर्गांत वापरले जाणारे एडमोडो २२ सप्टेंबर २०२२ रोजी बंद झाले, गुगलचा जॅमबोर्ड हा आभासी फळा २०२४ च्या अखेरीस. ज्यांनी वर्षभराचे पाठ त्यावर रचले होते त्यांना ते उतरवून घ्यावे लागले. मुक्त साहित्याचे तसे नाही. प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरच्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने मिळतात. श्रेय दिले, की त्या छापता येतात, बदलता येतात, आपल्या बोलीत आणता येतात. महाराष्ट्रात ‘गोष्टींचा शनिवार’ या उपक्रमातून अशा गोष्टी मुलांपर्यंत पोचल्या. भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ प्रकल्पातली विज्ञान-गणिताची प्रतिरूपे (पडद्यावर करून पाहायचे प्रयोग) एकदा उतरवली, की नेटशिवाय चालतात आणि त्यांतली अनेक मराठीतही आहेत. खेड्यातल्या शाळेने प्राधान्य कशाला द्यावे, हे यावरून उघड आहे.

फुकट साधनांची किंमत कुणीतरी चुकवतेच. नेटपॅक शिक्षकाच्या पगारातून जातो आणि मुलांचे फोटो परवानगीवाचून समूहांत फिरतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली असून, मुलांच्या वर्तनाचा माग काढण्यावर आणि त्यांना लक्ष्य करून केलेल्या जाहिरातींवर बंदी घातली आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या स्वतःच्या अटींनुसारही वापरकर्त्याचे वय किमान तेरा हवे. म्हणून प्राथमिक शाळेतला वर्गाचा समूह प्रत्यक्षात पालकांचा असतो, आणि गृहपाठ आईच्या नावाने येतो.

प्रशासनाने याच समूहांचा परिपत्रकांसाठी आणि ‘आजचे फोटो तातडीने पाठवा’ अशा फर्मानांसाठी वापर सुरू केल्यावर शिक्षकांत नाराजी वाढली. शिक्षक संघटनांनी ऑनलाइन कामांवर वेळोवेळी बहिष्कार घातला. तंत्रस्नेही ठरलेल्या शिक्षकाच्या वाट्याला केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, इतर शाळांची माहिती भरण्याचे काम येते, अशीही तक्रार असते. त्यामुळे काहीजण हे विशेषण लावून घ्यायला आता तयार नसतात.