पुणे विद्यापीठात पीएच.डी.साठी अर्ज करताना : कागद असूनही अर्ज बाद का होतो?

10 फेब्रुवारी 1949 रोजी स्थापन झालेल्या आणि 2014 पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव धारण करणाऱ्या पुणे विद्यापीठाचे संशोधन गणेशखिंडीतील विभागांपुरते मर्यादित नाही. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यांतील अनेक महाविद्यालयांत व संस्थांत विद्यापीठाची मान्यताप्राप्त संशोधन केंद्रे आहेत. अर्ज विद्यापीठाकडे करायचा असला, तरी प्रवेश मिळतो तो अशा एखाद्या केंद्रातील मार्गदर्शकाकडे जागा असेल तरच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकाला 6 आणि सहायक प्राध्यापकाला 4 विद्यार्थी घेता येतात. म्हणून आधी आपल्या विषयातील रिक्त जागा पाहाव्यात.

पात्रता सर्वसाधारणपणे पदव्युत्तर पदवीत 55 टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीत 75 टक्के अशी आहे. राखीव प्रवर्ग, दिव्यांग व आर्थिक दुर्बल घटकांना 5 टक्के सवलत मिळते. त्यानंतर प्रवेश परीक्षा आणि मुलाखत होते. राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या (नेट) गुणांवर येणाऱ्यांनी मात्र तारीख तपासावी, कारण ज्यांना जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळालेली नाही त्यांचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठी निकालापासून एकच वर्ष ग्राह्य असतात.

सर्वाधिक नुकसान होते ते नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्रामुळे, म्हणजे इतर मागासवर्गीय उमेदवाराचे कुटुंब उन्नत स्तरात (क्रिमीलेअर) मोडत नसल्याच्या दाखल्यामुळे. त्याची मुदत काढल्याच्या तारखेपासून मोजायची नसते, ती 31 मार्चला संपते. फेब्रुवारीत काढलेले, कोरे करकरीत दिसणारे प्रमाणपत्र एप्रिलमध्ये निरुपयोगी ठरू शकते. तेव्हा शिक्क्याशेजारची तारीख न पाहता ‘पर्यंत वैध’ या शब्दांच्या आधीची तारीख वाचावी. विवाहित स्त्रियांची अडचण वेगळीच असते. सेतू केंद्रावर त्या पतीचे उत्पन्नाचे दाखले घेऊन उभ्या असतात. वास्तविक क्रिमीलेअर ठरते ती आईवडिलांच्या स्थितीवरून. हे खिडकीवर कोणी आधी सांगत नाही, आणि माहेरच्या तहसीलमधून दाखले आणेपर्यंत अर्जाची खिडकी बंद झालेली असते. ज्यांच्या गुणपत्रिकेवर माहेरचे आणि आधारवर सासरचे नाव आहे, त्यांनी विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा नावबदलाचे राजपत्रही जवळ ठेवावे.

नोकरी करून अर्धवेळ पीएच.डी. करणाऱ्यांना ना-हरकत प्रमाणपत्र लागते. संस्थेच्या कार्यालयातून बहुधा एका ओळीचे पत्र मिळते : ‘यांना पीएच.डी. करण्यास आमची हरकत नाही.’ एवढे पुरत नाही. अर्धवेळ अभ्यासाची परवानगी आहे, कामाचे स्वरूप संशोधनाला पुरेसा वेळ देऊ शकते आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (पीएच.डी.च्या वर्गातील अभ्यासक्रमासाठी) कार्यमुक्त केले जाईल, या तिन्ही गोष्टी पत्रात स्पष्ट लिहिलेल्या असल्या पाहिजेत. एवढा साधा मसुदा अर्जाच्या सूचनांसोबत छापून देणे कोणत्याही कार्यालयाला जड जाऊ नये, पण तो क्वचितच मिळतो, आणि हुशार, मेहनती शिक्षक एका वाक्याच्या अभावी वर्षभर मागे पडतात. तिन्ही वाक्ये स्वतः टंकलिखित करून, फाइल घेऊन प्राचार्यांकडे जावे. पत्राला संस्थाचालकांची मंजुरी लागत असेल, तर ती प्रवेशाची जाहिरात येण्याची वाट न पाहता आधीच मागून ठेवावी.