अपलोड केलेल्या फाइलींना हॅशची नावं कशी मिळाली

ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपीच्या १९९६ च्या १.० आवृत्तीतच ब्राउझरला 'माझ्याकडची फाइल अजून चालेल का?' असं विचारायची सोय होती. बदल नसेल तर सर्व्हर '३०४' एवढंच सांगायचा. १९९७ मध्ये एचटीटीपी १.१ ने ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) आणि कॅशे-कंट्रोल (जवळ साठवलेली प्रत, म्हणजे कॅशे, किती काळ चालवायची ही सूचना) आणले. चौकशी नेमकी झाली, पण हेलपाटा काही टळला नाही. पानावर चाळीस फोटो असले तर चाळीस चौकश्या. त्या टाळायला कॅशेची मुदत वर्षभराची ठेवावी, तर दुकानदाराने 'लोगो.पीएनजी' बदलल्यावरही गिऱ्हाइकाला जुनाच लोगो दिसणार.

पहिला तोडगा म्हणजे निव्वळ जुगाड: पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून फाइल बदलल्याची वेळ चिकटवायची. रुबी ऑन रेल्स या वेबसाइट बांधायच्या साच्यात हेच चालायचं. सर्व्हर दोन असले की एकाच फाइलची वेळ दोन्हीकडे वेगळी पडायची आणि ब्राउझर तीच फाइल पुन्हा उतरवायचा. स्क्विडसारखे प्रॉक्सी (वाटेत प्रती साठवणारे सर्व्हर) तर प्रश्नचिन्हाचे पत्ते साठवायलाच तयार नसत. वेबसाइटच्या वेगाचे जाणकार स्टीव्ह साउडर्स यांनी २००८ मध्ये त्यावर बोट ठेवलं. शेवटी २०११ मध्ये रेल्स ३.१ ने आतल्या मजकुराचा एमडी५ हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला छोटा ठसा) थेट फाइलच्या नावात घातला. एक बाइट बदलला की नाव बदललं, म्हणजे पत्ताही नवा. बेल लॅब्जची व्हेंटी ही साठवण यंत्रणा २००२ पासून आणि कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट २००५ पासून डेटा हॅशनेच ओळखत होते. वेबवाले उशिरा जागे झाले.

अपलोडला हीच युक्ती लावली की आणखी एक फायदा पदरात पडतो. तोच 'सुप्रभात'चा फोटो शंभर जणांनी चढवला तरी डिस्कवर प्रत एकच. मात्र त्यातल्या एकाने तो डिलीट केला म्हणून फाइल उडवायची नसते. ती किती ठिकाणी वापरात आहे याची नोंद डेटाबेसमध्ये ठेवावी लागते, आणि घाईत नेमकं हेच राहून जातं.

तरीही रीलोड दाबलं की ब्राउझर मुदतीतल्या फाइलींचीही चौकशी करायचे. फेसबुकसारख्या साइटवर हा फुकटचा भार मोठा होता. 'ही फाइल कधीच बदलणार नाही' असं सांगणारा कॅशे-कंट्रोलमधला 'इम्म्युटेबल' हा शब्द फायरफॉक्सने २०१६ मध्ये स्वीकारला, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये आरएफसी ८२४६ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) म्हणून त्याचं मानक झालं.

त्याच वर्षी फेब्रुवारीत गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने एकच एसएचए-१ (हॅश काढायची आणखी एक रीत) हॅश असलेल्या दोन वेगळ्या पीडीएफ दाखवल्या, म्हणजे दोन फाइलींना एकच नाव पडू शकतं. स्वतःच्या सीएसएस (पानाच्या सजावटीच्या) फाइलींना त्याचा धोका नगण्य, पण अपलोड परक्याच्या हातून येतात. तिथे एसएचए-२५६ हा जास्त भक्कम हॅशच वापरावा.