मोडीच्या दफ्तरातून कॅनव्हासवर: अमूर्त सुलेखनाची पार्श्वभूमी

मराठी सुलेखनातल्या अमूर्ताचा, म्हणजे अक्षर वाचण्यापेक्षा रेघ म्हणून पाहण्याचा, माग दफ्तरखान्यापासून काढावा लागतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मराठीचा रोजचा लेखनव्यवहार कित्येक शतकं मोडीत चालला. पोथ्या, आणि नंतर छापील पुस्तकं, बालबोधीत, म्हणजे देवनागरीत. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला वेग हवा होता. तो आधी कागदभर शिरोरेषा ओढून घेई आणि मग अक्षरं तिच्याखाली लावत जाई. ‘का’ लिहिताना कान्याची रेघ खाली येऊन थांबत नाही. वळून पुन्हा शिरोरेषेपर्यंत चढते, म्हणजे पुढचं अक्षर हात न उचलता सुरू करता येतं. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सुटला, नेहमीचे शब्द आखूड झाले. सराईत हाताच्या धावत्या मोडीत कितीतरी अक्षरांचं फक्त वळण उरतं. बाकीचं वाचणारा संदर्भाने भरून घेतो. चिटणिसी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी ही वळणं ओळखायची ती हाताच्या चालीवरून. अमूर्त सुलेखनाचा सगळा मामला याच चालीचा आहे.

चाल ठरते हत्याराने. बोरू पेन्सिलीएवढ्या जाडीचा आणि पक्का वाळलेला हवा. कच्चा असेल तर टोक शाईत फुगतं आणि चीर मिटते. एका बाजूने लांब तिरका काप द्यायचा, आतला गाभा खरवडायचा, टोकाला साधारण एक सेंटिमीटर चीर पाडायची आणि शेवटी कठीण पाटीवर ठेवून एकाच दाबात टोक छाटायचं. दोनदा दाबलं की कड दातेरी होते आणि प्रत्येक रेघेत ते दात दिसतात. देवनागरीसाठी टोकाचा उतार रोमन लेखणीच्या उलट बाजूला असतो. रोमनच्या निबने बालबोध लिहायला घेतलं की जाड-बारीक भलत्याच जागी पडतं, आणि नवख्याला वाटतं आपला हातच वाईट. शाई काजळी आणि डिंकाची. डिंक कमी पडला तर वाळलेलं अक्षर बोटाला लागतं. जास्त झाला तर रेघ ओढून येते आणि वाळल्यावर चकाकते, कधी तडकते.

छपाई आली आणि हे सगळं मागे पडलं. 1810 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला मिशनरी विल्यम कॅरीचा मराठी कोश मोडी खिळ्यांत, म्हणजे छपाईच्या धातूच्या अक्षरांत, निघाला खरा. पण एकातून दुसऱ्यात वाहणारी अक्षरं सुट्या खिळ्यांत बसवणं अवघड असतं. बालबोध सुटी, उभ्या दांड्याची. ती खिळ्याला मानवली. मोडी सरकारी कागदापुरती राहिली आणि मग तिथूनही गेली. मराठी हाताची मोकळी रेघ छापील पानातून अशी हद्दपार झाली, हे नुकसान मोठं आहे.

तिला पुन्हा जागा मिळाली ती मुंबईच्या उपयोजित कलेत. आयआयटी मुंबईत शिकवणारे र. कृ. जोशी (1936–2008) कवी, सुलेखनकार आणि अक्षररचनाकार होते. संगणकावरचा ‘मंगल’ फाँट ज्यांचा, त्याच माणसाने अक्षराला कागदावर सुटं, ध्वनीसारखं वागवलं. नाटकांच्या जाहिरातींतून कमल शेडगे यांनी शीर्षकाच्या अक्षरातच नाटकाचा भाव उभा करायची सवय मराठी वाचकाच्या डोळ्याला लावली. सुलेखनकार अच्युत पालव 1982 मध्ये मुंबईच्या सर जे. जे. उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडले. जुन्या मोडी कागदपत्रांच्या अभ्यासातून त्यांनी मोडी आणि देवनागरी एकत्र आणणारी ‘मुक्तलिपी’ घडवली, आणि सुलेखन कॅनव्हासवर, लोकांसमोर, मोठ्या ब्रशने होऊ लागलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

अक्षर किती सोडायचं, हा वाद मात्र जपानने सर्वांत कसून घातला. हिदाई नानकोकु यांनी 1945 मध्ये ‘वीज’ या अर्थाच्या चिन्हावरून जवळजवळ न वाचता येणारी कृती केली. मोरिता शिर्यू यांनी 1951 मध्ये ‘बोकुबी’ हे मासिक काढलं. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर न्यूयॉर्कच्या फ्रान्झ क्लाइन या अमूर्त चित्रकाराचं चित्र होतं. 1952 मध्ये क्योटोत मोरिता, इनोउए यूइची आणि सोबत्यांनी ‘बोकुजिनकाई’ हा गट स्थापला. इनोउए काही काळ चिन्ह पूर्ण टाकून रंगवत राहिले आणि मग पुन्हा एकेका चिन्हाकडे वळले. मला त्यांचं वळणं योग्य वाटतं. चिन्ह असलं की रेघेला सुरुवात, क्रम आणि शेवट असतो. तो क्रम गेला की फराटे उरतात आणि कोणताही फराटा कुठेही चालतो.

आज काम करताना हाच निकष हाताशी धरावा. एक अक्षर घ्यायचं, समजा ‘ळ’ किंवा ‘क्ष’, आणि त्याचा क्रम न मोडता ते दोन इंची सपाट ब्रशने लिहायचं. कागद 300 जीएसएमचा, म्हणजे जाड, आणि खरबरीत. ब्रश भरून एकदा कडेला निथळवायचा. रेघेच्या सुरुवातीला रंग भरगच्च बसतो, मध्यावर केसांमधून कागद डोकावू लागतो, शेवटाकडे नुसते धागे राहतात. हे कोरडे धागे वेगातून येतात. हळू ओढलं तर रंग खाली झिरपून रेघ सपाट होते आणि कड थरथरलेली दिसते. मोठी रेघ मनगटातून काढली तर ती नकळत कमानीसारखी वाकते. ती खांद्यातून, उभं राहून काढायची. ओल्या रेघेवरून दुसरी रेघ नेली की दोन्ही रंग मिळून चिखल होतो, म्हणून पहिली पुरती वाळू द्यायची. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, आणि गरज असेल तरच. ती आधीच जाड मारली की चित्राचा वरचा भाग जड होतो आणि वेलांटी-मात्रांना वर उसळायला जागा राहत नाही. अक्षराच्या पोटातली पांढरी जागाही रेघेइतकीच तपासायची: ‘ळ’च्या दोन गाठी बुजल्या तर तो ‘ळ’ उरत नाही, आणि बहुतेक वेळा चित्रही तिथेच गुदमरतं.