‘तारा’ या नावामागे

महामार्गाकडून कोल्हापूर शहरात येताना कावळा नाका लागतो. पाटीवर त्याचे नाव ताराराणी चौक असे आहे, आणि चौकात पुढचे दोन्ही पाय उचललेल्या घोड्यावर बसलेल्या, हातात तलवार घेतलेल्या राणीचा पुतळा आहे. जवळच ताराबाई पार्क आहे आणि मुलींच्या शिक्षणाचे मोठे काम करणारी ताराराणी विद्यापीठ ही संस्थाही शहरात आहे. त्यामुळे येथे ‘तारा’ हे नाव उच्चारले की मनात प्रथम छत्रपती राजारामांची राणी उभी राहते. मात्र १६७५ मध्ये जन्मलेल्या हंबीरराव मोहित्यांच्या मुलीचे हे नाव ठेवले गेले, तेव्हाच त्याला दोन हजार वर्षांचा इतिहास होता.

या नावात शब्दांचे दोन वेगळे ओघ एकत्र आले आहेत. एक आकाशातल्या तारेचा. ऋग्वेदात ताऱ्यांसाठी ‘स्तृभिः’ असे रूप येते, आणि फारसीतून आपल्याकडे आलेला ‘सितारा’ त्याच कुळातला आहे. दुसरा ओघ ‘तॄ’ या धातूचा, ज्याचा अर्थ पाणी ओलांडणे, पलीकडे जाणे असा होतो. जी दुसऱ्याला पलीकडे नेते ती तारा किंवा तारिणी. मराठीला हा दुसरा ओघ अधिक जवळचा वाटतो, असे माझे मत आहे. आपण जहाजाला तारू म्हणतो, कर्जासाठी ठेवलेल्या वस्तूला तारण म्हणतो, आणि ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण तर लहान मुलाच्याही तोंडी असते.

पुराणातली आकाशाशी जोडलेली तारा ही बृहस्पतीची पत्नी. चंद्राने तिला पळवले, त्यावरून देव आणि दानव यांच्यात युद्ध झाले आणि ब्रह्मदेवाने मध्यस्थी करून तिला परत आणले, तेव्हा ती गरोदर होती. भागवताच्या नवव्या स्कंधात सांगितले आहे की, मूल कोणाचे यावर दोघे भांडत असताना ती गप्प राहिली, खुद्द मुलानेच तिला रागावून विचारले, तरीही ती बोलली नाही, आणि अखेर ब्रह्मदेवाने एकांतात विचारल्यावर तिने हळूच सोमाचे, म्हणजे चंद्राचे, नाव घेतले. तो मुलगा बुध, आणि त्याच्यापासून चंद्रवंश चालू झाला. गुरू, चंद्र आणि बुध हे तिघेही आकाशात दिसणारे असल्याने या गोष्टीत ‘तारा’ हे नाव आपोआप शोभून दिसते. स्वतःच्या इच्छेबद्दल मात्र या तारेला फारसे बोलू दिलेले नाही.

रामायणातली तारा तिच्या अगदी उलट आहे. एकदा हरून पळालेला सुग्रीव लगेच पुन्हा ललकारतो आहे, त्याअर्थी त्याच्यामागे कोणी बलवान पाठीराखा असला पाहिजे, हे किष्किंधेत फक्त तिच्या लक्षात येते. अंगदाने हेरांकडून आणलेली राम-लक्ष्मणांची बातमी ती वालीला सांगते आणि भावाशी समेट कर म्हणते. वाली ऐकत नाही. रामाचा बाण लागून मरणाच्या दारात पडल्यावर मात्र तो सुग्रीवाला बजावतो की, ही सुषेणाची मुलगी सूक्ष्म गोष्टींच्या निर्णयात आणि अशुभाची चाहूल ओळखण्यात सर्वतोपरी निपुण आहे, ती जे योग्य म्हणेल ते शंका न घेता कर. पुढे संतापलेला लक्ष्मण किष्किंधेच्या दारात येऊन उभा राहतो, तेव्हाही सुग्रीव तिलाच पुढे पाठवतो. संपूर्ण किष्किंधाकांडात राज्यकारभाराची समज म्हणून जे काही आहे, ते या एका स्त्रीजवळ आहे. आपल्याकडच्या जुन्या बायका सकाळी ‘अहल्या द्रौपदी सीता तारा मंदोदरी तथा’ म्हणत, त्यातली तारा हीच. माझी आजी तुळशीला पाणी घालताना हा श्लोक म्हणायची आणि ‘तारा’ या शब्दावर तिचा स्वर किंचित वर चढायचा.

पलीकडे नेणारी म्हणून या नावाला खरा विस्तार दिला तो बौद्धांनी. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अवलोकितेश्वर या करुणामय बोधिसत्त्वाच्या दोन्ही बाजूंना आठ संकटे कोरलेली आहेत: आग, शत्रूची तलवार, बेड्या, फुटणारे जहाज, सिंह, साप, हत्ती आणि मृत्यूचे भय. जहाजाच्या चौकटीतली चिमुकली माणसे हात जोडून धावा करीत आहेत. ही संकटे निवारण्याचे काम पुढे तारा या बौद्ध देवीकडे आले आणि ती ‘अष्टमहाभय’ तारा झाली. व्यापारी आणि खलाशी जिकडे गेले तिकडे ती गेली. जावा बेटावर कलसन येथे तिचे मंदिर बांधल्याचा शिलालेख ७७८ सालचा आहे, आणि श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याकडे सापडलेली सुमारे १४३ सेंटिमीटर उंचीची, सोन्याचा मुलामा दिलेली तिची मूर्ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. या मूर्तीचा उजवा हात खाली सोडलेला, तळवा समोर केलेला, म्हणजे वर देणारा आहे.

कोल्हापूरच्या माणसाला याहून जवळचा पुरावा गदग जिल्ह्यातल्या डंबळ येथे मिळतो. तेथील १०९५ सालच्या शिलालेखात बुद्धाच्या आणि आर्यतारादेवीच्या विहारांना दिलेल्या दानाची नोंद आहे. तेव्हा गादीवर चालुक्य विक्रमादित्य सहावा होता, ज्याची राणी चंद्रलेखा ही कऱ्हाडच्या शिलाहार घराण्यातली. म्हणजे ज्या काळात आपल्या भागात शिलाहार राज्य करीत होते, त्या काळात दक्षिणेच्या शेजारात तारेची पूजा चालू होती. पुढे बौद्ध विहार ओसरले, पण शाक्तांच्या, म्हणजे देवीच्या उपासकांच्या, दशमहाविद्या नावाच्या दहा देवींमध्ये कालीच्या पाठोपाठ दुसरे स्थान तारेचेच राहिले.

सामान्य मराठी माणसाच्या ओळखीची तारा मात्र यांपैकी कोणी नाही. ती आहे तारामती. मार्कंडेय पुराणात हरिश्चंद्राच्या पत्नीचे नाव शैव्या आहे, पण लोकांनी, कीर्तनकारांनी आणि नाटकवाल्यांनी तारामती हेच नाव पक्के केले, इतके की हरिश्चंद्रगडाच्या सर्वांत उंच शिखरालाही तेच मिळाले. विकली गेलेली, परक्या घरी राबणारी, सर्पदंशाने गेलेल्या मुलाला स्मशानात घेऊन आलेली ही बाई आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या रडवत आली आहे. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ही कथा पडद्यावर आणली तेव्हा कोणी स्त्री मिळेना, म्हणून तारामती अण्णा साळुंके या पुरुषाने केली. त्यानंतर १९ वर्षांनी, १९३२ मध्ये, कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटात सुशिक्षित, प्रतिष्ठित घरातल्या दुर्गा खोटे तारामती म्हणून उभ्या राहिल्या. मराठी बोलपटात तारामती स्वतःच्या, बाईच्या आवाजात बोलली ती आपल्या गावच्या कंपनीमुळे, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

एकोणिसाव्या शतकानंतर या नावाच्या स्त्रिया लिहिताना आणि शिकवताना दिसतात. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना उघड जाब विचारला. ताराबाई मोडक यांनी कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत बालवाडी नेली. आणि सांगलीच्या लोकसाहित्याच्या अभ्यासक तारा भवाळकर २०२५ मध्ये दिल्लीच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या.

आता मूळ राणीकडे येतो. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराजांचे निधन झाले, तेव्हा ताराबाई पंचविशीत होत्या आणि मुलगा शिवाजी चार वर्षांचाही नव्हता. त्याला गादीवर बसवून त्यांनी सात वर्षे औरंगजेबाशी लढा चालवला, आणि त्यांच्याच काळात मराठी फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात शिरल्या. मोगलांचा इतिहासकार खाफी खान यानेही त्यांची बुद्धी, कारभार आणि लष्करी व्यवस्था यांची वाखाणणी केली आहे. मराठी कवीने त्यांच्यावर लिहिले, ‘दिल्ली झाली दीनवाणी, दिल्लीशाचे गेले पाणी, ताराबाई रामराणी, भद्रकाली कोपली’. ‘रामराणी’ म्हणजे राजारामांची राणी.

औरंगजेब १७०७ मध्ये वारला आणि संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले. खेडच्या लढाईनंतर साताऱ्याची गादी त्यांच्याकडे गेली आणि ताराबाईंनी १७१० मध्ये पन्हाळ्यावर वेगळी गादी स्थापन केली. पुढचे करवीर संस्थान ओळखले जाते ते या गादीपासून. मात्र १७१४ मध्ये सवत राजसबाईंच्या मुलाला, संभाजीला, गादीवर बसवले गेले आणि ज्या पन्हाळ्यावरून त्यांनी राज्य केले, तेथेच मुलासह त्यांना कैदेत राहावे लागले. पुढे त्या साताऱ्यात गेल्या. दोन गाद्यांमधली वारणेची सीमा १७३१ च्या तहाने ठरली. शाहू महाराजांच्या निधनानंतर, पंचाहत्तरीच्या वयात, ताराबाईंनी साताऱ्याचे नवे छत्रपती रामराजे यांना तेथील किल्ल्यात अडकवून पेशव्यांशी पुन्हा सामना मांडला. पानिपताची बातमी त्यांच्या हयातीत आली. ९ डिसेंबर १७६१ रोजी साताऱ्यात त्यांनी देह ठेवला. त्यांची समाधी माहुलीला, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर आहे.