कुस्कोमध्ये मुक्काम कुठे करावा? माचू पिचूला निघालेल्या आमच्या प्रवाशांसाठी

पेरूची विमानाची तिकिटं हातात पडली की पुढचा फोन हॉटेलसाठी येतो. "मुख्य चौकाजवळचं बघा, आणि खिडकीतून शहर दिसायला हवं." बहुतेकांचं मागणं एवढंच असतं. मागणं चुकीचं नाही, कुस्को खरोखरच खिडकीत बसून बघत राहावं असं गाव आहे. लाल कौलांची छपरं, त्यांच्यामधून वर आलेले चर्चचे मनोरे आणि चहूकडून डोंगर. पण हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या शिखराच्या दुपटीहूनही वर. लेहला जाऊन आलेल्यांना अंदाज येईल. इथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रकाठच्या मानाने जेमतेम दोन-तृतीयांश असतो. म्हणून आम्ही आधी उंची आणि जिने विचारतो आणि खिडकीचा विषय त्यानंतर काढतो.

पहिली रात्र खाली काढा

लिमा समुद्रकाठी आहे. तिथून विमानात बसलं की दीड तासाच्या आत तुम्ही कुस्कोला उतरता. शरीराला कळायच्या आत साडेतीन हजार मीटरच्या घरात. डोकं ठणकणं, भूक मरणं, मळमळ, रात्री झोपेतून दचकून उठणं, या सगळ्याला तिथले लोक 'सोरोचे' म्हणतात. वय, व्यायाम, तब्येत यांच्याशी त्याचा थेट संबंध नाही. रोज पळणारा पंचविशीतला मुलगा आडवा होतो आणि त्याची आजी मजेत हिंडते, असंही होतं.

यावर सगळ्यात सोपा उपाय मुक्कामाच्या जागेतच आहे. कुस्कोच्या विमानतळावरून गाडीने थेट उरुबाम्बा नदीच्या खोऱ्यात उतरा. उरुबाम्बा गाव सुमारे २,८७० मीटरवर आहे, ओयान्तायताम्बो २,७९० च्या आसपास. वाटेत चिन्चेरोपाशी रस्ता ३,७०० मीटरच्या वर चढतो, पण तिथून नुसतं पुढे जायचं असतं, झोपायचं नसतं. शरीराला महत्त्वाची असते ती झोपायची उंची. खोऱ्यात दोन रात्री काढायच्या, ओयान्तायताम्बोहून रेल्वेने माचू पिचू (ते तर २,४३० मीटरवरच आहे) बघून यायचं आणि मग शेवटी कुस्कोत चढायचं. याच क्रमाने गेलेल्या आमच्या प्रवाशांना कुस्को जास्त आवडलं, कारण ते बघायला अंगात त्राण होतं.

ओयान्तायताम्बोत मुक्काम केलात तर आणखी एक सुख. गावातल्या जुन्या गल्ल्या इंका काळात, म्हणजे स्पॅनिश लोक येण्याआधीच्या राजवटीत, आखल्या तशाच आहेत, बाजूने पाण्याचे पाट वाहतात, आणि पहाटेच्या गाडीसाठी स्टेशनवर चालत जाता येतं. कुस्कोहून तीच गाडी पकडायची तर मध्यरात्रीनंतर उठून दोन तासांचा रस्ता.

काही कारणाने आधी कुस्कोतच राहायचं असेल तर पहिला दिवस मोकळा ठेवा आणि हॉटेलला दोन गोष्टी आधीच विचारा: खोली सकाळी मिळेल का, आणि ऑक्सिजनचं सिलिंडर आहे का. लिमाची विमानं बरीचशी सकाळी पोचतात, खोल्या दुपारी मिळतात. एरवी आपण बॅगा ठेवून फिरायला निघालो असतो. इथे त्या चार तासांत पलंगाची खरी गरज असते. पोचल्यावर हातात कोकाच्या पानांचा गरम काढा देतात. तो तिथे कायदेशीर आहे, रोजचा आहे, प्यायला हरकत नाही. मात्र ती पानं किंवा त्यांच्या चहाच्या पुड्या भारतात आणू नका, आपल्याकडे कायद्याने बंदी आहे. उंचीसाठीची गोळी घ्यायची की नाही हे आपल्या डॉक्टरांना निघण्याआधी विचारा, रक्तदाब किंवा हृदयाचं दुखणं असेल तर नक्कीच.

शहरात कुठला भाग?

एकदा आम्ही एका कुटुंबाला सान ब्लास या चढावरच्या वस्तीच्या अगदी वरच्या टोकाला खोल्या घेऊन दिल्या. फोटो अप्रतिम होते. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली, पुढे नुसत्या पायऱ्या. बरोबरच्या काकू दर दहा पायऱ्यांना भिंतीला हात टेकून उभ्या राहत होत्या, आणि दुसऱ्या दिवशी बाकीचे कोरिकांचा हे इंकांचं सूर्यमंदिर बघत असताना त्या खोलीत पडून होत्या. खाली उतरलो तर परत चढावं लागेल, या धास्तीने. हॉटेल उत्तम होतं, निवड आमची चुकली होती. तेव्हापासून आम्ही प्रत्येक हॉटेलला विचारतो: गाडी दारापर्यंत येते का, दारापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, आणि लिफ्ट आहे का. जुन्या इमारतींत लिफ्ट बहुधा नसतेच.

तरीही सान ब्लास आम्हाला मनापासून आवडतं. लाकूडकाम करणाऱ्या, मूर्ती घडवणाऱ्या कारागिरांची ही वस्ती, पांढऱ्या भिंती, निळी दारं, रात्री शांतता. गुडघे धड असतील आणि खोऱ्यात दोन रात्री काढून आला असाल तर खुशाल राहा, फक्त खालच्या अंगाला, हातुन रुमियोक गल्लीच्या जवळपास. बारा कोनांचा तो प्रसिद्ध दगड याच गल्लीच्या भिंतीत आहे. सकाळी गर्दी नसताना त्याच्यासमोर उभं राहून बघा, बाराही कोन शेजारच्या दगडांत चुन्याशिवाय असे बसलेत की फटीत नख शिरत नाही. सान क्रिस्तोबालच्या बाजूची, साक्सायवामान या इंकांच्या गडाकडे चढणारी हॉटेलं मात्र आम्ही सहसा सुचवत नाही. तिकडच्या एका पायऱ्यांच्या गल्लीचं नावच 'रेस्बालोसा' आहे, म्हणजे निसरडी. पावसात ती नावाला जागते.

प्लासा दे आर्मास, म्हणजे मुख्य चौक, त्याच्या आसपास राहिलं की कॅथेड्रल, दुकानं, जेवण सगळं पायाखाली. भाडं अर्थातच चढं. आणि प्रोकुरादोरेस, प्लातेरोस या गल्ल्यांत रात्री उशिरापर्यंत संगीत चालतं, म्हणून तिथली रस्त्याकडची खोली घेऊ नका.

ज्येष्ठ मंडळी किंवा लहान मुलं बरोबर असतील तर आमची पहिली पसंती आवेनिदा एल सोल आणि कोरिकांचाच्या आजूबाजूला. रुंद रस्ता, गाडी दाराशी, आणि मुख्य चौक दहा मिनिटांच्या हलक्या चढावर. दृश्य म्हणाल तर साधं. सान पेद्रो बाजाराजवळ स्वस्त खोल्या मिळतात आणि सकाळी ताजी फळं, रस यांची चंगळ असते. रात्री उशिरा परतणार असाल तर तिथे पायी न येता टॅक्सी करा.

वाड्यातली खोली

कुस्कोतली बरीच हॉटेलं जुन्या 'कासोना'मध्ये आहेत. आपला वाडा डोळ्यांसमोर आणा: मधे दगडी चौक, भोवती दोन मजली ओसऱ्या, लाकडी कठडे. काही ठिकाणी खालच्या भिंती इंकांच्या घडीव दगडाच्या आणि वरचा मजला स्पॅनिश काळातला, मातीच्या विटांचा. १९५० च्या भूकंपात शहराचं फार नुकसान झालं, पण इंकांच्या भिंती बहुतांशी उभ्या राहिल्या. अशा भिंतीला पाठ लावून बसायला मिळणं हे आमच्या मते चार पैसे जास्त मोजण्याजोगं आहे.

पण या खोल्या थंड असतात. मे ते सप्टेंबर हा कोरडा हंगाम, दिवसा लख्ख ऊन, आणि जून-जुलैत रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो. जाड भिंतींच्या, वाड्याच्या आतल्या चौकाकडे तोंड असलेल्या खोलीत ऊन शिरत नाही, त्यामुळे ती दुपारीही गार राहते. चौकाकडची खोली शांत, रस्त्याकडची उबदार पण गोंगाटाची. दोन्ही एकत्र मिळाली तर नशीब. 'कालेफाक्सिओन' म्हणजे खोली गरम करायची सोय. ती आहे का, आणि दरात धरली आहे की हीटरचे वेगळे पैसे, हे लेखी विचारून घ्या. गरम पाण्याचंही तसंच. छोट्या ठिकाणी एकाच गीझरवर चार खोल्या असतात, तेव्हा संध्याकाळी लवकर अंघोळ उरका.

घरचं जेवण हवं म्हणून स्वयंपाकघरासह अपार्टमेंट मागणाऱ्यांसाठी: या उंचीवर पाणी सुमारे ८९ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी दाणा दाणाच राहते. मालकाला 'ओया आ प्रेसिओन', म्हणजे प्रेशर कुकर, आहे का ते विचारा. नसेल तर मुगाची डाळ आणि पोह्यांवर भागवा. वीज २२० व्होल्ट असली तरी आपली जाड तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर लागतो.

जून महिना

२४ जूनला इंती रायमी, सूर्याचा उत्सव. कोरिकांचापासून सुरू होऊन मुख्य चौकातून साक्सायवामानपर्यंत सोहळा चालतो. त्याच्याच आगेमागे कॉर्पस क्रिस्ती हा ख्रिस्ती सण येतो, तेव्हा वेगवेगळ्या चर्चमधून संत आणि मेरीमातेच्या मिळून १५ मूर्ती खांद्यावरून कॅथेड्रलला आणतात. आपल्याकडच्या पालख्या बघितलेल्या माणसाला हे बघून गहिवरून येतं. पण महिनाभर वाजंत्री, फटाके, बंद रस्ते, आणि खोल्यांचे भाव चढलेले. जूनमध्ये जायचं असेल तर आम्हाला निदान पाच-सहा महिने आधी सांगा. झोप महत्त्वाची असेल तर त्या दिवसांत उरुबाम्बात राहून फक्त सोहळ्याला वर या.

बिल आणि आरक्षण

पेरूत १८ टक्के विक्रीकर आहे, त्याला 'इ-खे-वे' म्हणतात. देशात न राहणाऱ्या परदेशी पर्यटकाला, मुक्काम साठ दिवसांपेक्षा कमी असेल तर, हॉटेलच्या भाड्यावर तो माफ असतो. त्यासाठी पासपोर्ट आणि देशात प्रवेश केल्याची नोंद दाखवावी लागते. खोलीत जाण्याआधीच दाखवा, बिल झाल्यावर बदलून घेणं जिकिरीचं होतं.

रद्द करता येणारं आरक्षणच घ्या, थोडं महाग पडलं तरी. जानेवारी २०२३ मध्ये आंदोलनांमुळे माचू पिचू बंद ठेवावं लागलं होतं. रस्ता आणि रेल्वे अडण्याचे प्रकार तिथे अधूनमधून होतात. जानेवारी-फेब्रुवारीत पाऊसही जोरात असतो.

माचू पिचूच्या रेल्वेत मोठ्या बॅगा चालत नाहीत. आधीच्या मुक्कामाच्या हॉटेलात त्या ठेवून जायच्या, बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत. आम्हाला फोन कराल तेव्हा बरोबर किती बॅगा आहेत आणि कोणाचे गुडघे दुखतात, एवढं आधी सांगा. दिवस कुठल्या क्रमाने लावायचे ते त्यावरून ठरवू.